ट्रेक आणि प्रवासासाठी महिलांनी सॅक घेताना या चुका टाळा

खांदे दुखायला लागले की पहिला संशय सामानावर जातो. मग दोन टी-शर्ट काढले जातात, टॉवेल छोटा घेतला जातो, आणि पुढच्या ट्रेकलाही खांदे तितकेच दुखतात. सामान कमी असावं हे खरंच, पण पुष्कळदा दुखण्याचं मूळ सॅकच्या मापात असतं. मोठ्या सॅकचं वजन खांद्यांनी पेलायचंच नसतं. ते कमरेच्या हाडावर टेकायला हवं आणि तिथून पायांत उतरायला हवं. खांद्यांचे पट्टे असतात ते सॅक पाठीशी धरून ठेवण्यापुरते. हे ज्या सॅकमध्ये जमतं ती तुमची सॅक, मग तिच्यावर ‘विमेन्स’ लिहिलेलं असो वा नसो.

उंचीवरून माप ठरवणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. सारख्या उंचीच्या दोघींपैकी एकीचे पाय लांब असतात, दुसरीचं धड. दोघींच्या पाठीच्या लांबीत सहज पाच सेंटिमीटरचा फरक निघतो, आणि सॅकला फक्त पाठीशी मतलब असतो. त्यामुळे मैत्रिणीला छान बसणारी सॅक तुम्हाला बसेलच असं नाही.

पाठ मोजायला शिवणकामाची टेप आणि मदतीला कुणीतरी एवढंच पुरतं. हनुवटी छातीकडे झुकवा. मानेच्या तळाशी एक हाड टचकन वर येतं, तो मानेचा सातवा मणका. माप तिथून सुरू होतं. मग मान सरळ करून दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे पाठीकडे. हाताखाली हाडाची जी कड लागते ती नीट दाबून शोधा. बऱ्याच जणींना ती वाटते त्यापेक्षा खाली सापडते. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेष कण्याला जिथे छेदते, तिथे माप संपतं. टेप हवेत ताणायची नाही, कण्याच्या वळणाला चिकटवून खाली आणायची.

साधारणपणे ४० सेंटिमीटरच्या आत पाठ असेल तर एक्स्ट्रा स्मॉल, ४० ते ४५ असेल तर स्मॉल, ४५ ते ५० असेल तर मीडियम असा हिशेब असतो. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून त्या त्या मॉडेलचा तक्ता बघायलाच हवा. दोन मापांच्या सीमेवर असाल तर पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक घ्या. लिटर, म्हणजे सॅकमध्ये किती मावतं ते, आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात ठेवा: ५० लिटरची सॅक स्मॉलमध्येही मिळते आणि लार्जमध्येही.

‘विमेन्स’ लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवणं, किंवा ते अजिबात न बघणं

काही जणींना वाटतं की महिलांची सॅक म्हणजे नुसता रंगाचा फरक. तसं नाही. चांगल्या कंपन्यांच्या महिलांसाठीच्या सॅकमध्ये पाठीची लांबी कमी मापापासून सुरू होते, खांद्यांचे पट्टे एकमेकांच्या जवळ आणि अरुंद असतात, आणि छातीपाशी त्यांना इंग्रजी ‘एस’सारखं वळण दिलेलं असतं. कमरेचा पट्टा नितंबांच्या उताराला धरून तिरका कापलेला असतो. ऑस्प्रे कंपनीची पुरुषांची ‘अॅटमॉस’ सॅक महिलांसाठी ‘ऑरा’ होते, ‘एथर’ची ‘एरियल’ होते, प्रवासाची ‘फारपॉइंट’ ‘फेअरव्ह्यू’ होते. ग्रेगरीच्या ‘बाल्टोरो’ला ‘डेवा’ ही जोडीदार आहे. डॉयटर आपल्या अशा सॅकना ‘एसएल’ म्हणतं. या जोड्यांमध्ये खिसे आणि कापड बहुतांशी सारखंच असतं, बदलतो तो पट्ट्यांचा आणि पाठीचा घाट.

पट्ट्याच्या वळणाकडे दुर्लक्ष करू नका. सरळ पट्टा स्तनांवरून जातो, चढावर खोल श्वास घेताना दाब देतो, आणि तो दाब टाळण्यासाठी आपण नकळत खांदे पुढे ओढतो. मग मान दुखते आणि दोष मात्र उशीला जातो. नीट बसलेला पट्टा स्तनांच्या बाजूने वळून काखेच्या पुढून मागे जातो. काखेत टोचतही नाही.

तरी लेबल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. रुंद खांद्यांच्या, लांब पाठीच्या बाईला पुरुषांची सॅक जास्त सुखाची जाऊ शकते आणि अरुंद खांद्यांच्या पुरुषाला महिलांची. दोन्ही घालून बघा आणि जी अंगाला बसेल ती घ्या.

कमरेचा पट्टा पोटावर बांधणं

१९५०च्या सुमाराला डिक केल्टी या अमेरिकी गिर्यारोहकाने सॅकच्या फ्रेमची, म्हणजे तिच्या कडक सांगाड्याची, टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली, आणि वजन खांद्यांवरून कमरेवर गेल्याचं त्याच्या ध्यानात आलं. १९५२मध्ये त्याने अॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. त्यांची शिवण त्याची पत्नी नीना करायची. कमरेचा पट्टा आज आपल्याला इतका सवयीचा झालाय की अनेक जणी तो केवळ सॅक हलू नये म्हणून बांधतात, तोही पोटावर.

पोटावर हाड नाही. तिथे बांधलेला पट्टा घट्ट केला तर जेवण अडतं, सैल ठेवला तर खाली घसरतो आणि सगळा भार परत खांद्यांवर येतो. पट्ट्याची गादी कमरेच्या हाडाच्या कडेवर बसली पाहिजे, म्हणजे कड गादीच्या साधारण मधोमध येईल अशी. बक्कल बेंबीच्या खाली येतं. पाळीच्या दिवसांत पोट फुगलेलं असतं तेव्हा तर याचा फरक फार जाणवतो, कारण हाडावर टेकलेला पट्टा पोट न आवळताही वजन धरतो.

बारीक चणीच्या मुलींची अडचण वेगळीच असते: पट्टा पूर्ण ओढला तरी सैलच राहतो. विकत घेण्याआधी हे तपासाच. पट्टा घट्ट केल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्यांमध्ये पुढे काही बोटांची जागा उरायला हवी. गाद्या एकमेकींना भिडल्या तर पट्टा मोठा आहे. गाद्या जेमतेम बाजूच्या हाडापर्यंतच पोचत असतील तर तो लहान आहे. काही मॉडेलमध्ये कमरेचा पट्टा वेगळ्या मापाचा लावून घेता येतो. सॅक एरवी उत्तम बसत असेल तर तसं जरूर विचारा.

रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघणं

रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. दुकानात सात-आठ किलो वजन भरायला मागा, वाळूच्या पिशव्या असोत की पाण्याच्या बाटल्या. ऑनलाइन मागवली असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत घरातलं सामान भरा, लेबल काढू नका, आणि १५-२० मिनिटं घरातच फिरा. जिना असेल तर चढा-उतरा. खाली वाकून बुटाची लेस बांधा. मान वर करून छताकडे बघा. डोकं सॅकवर आपटत असेल तर चढावर वर बघताना रोज आपटणार. लांब केस असतील तर ते नेहमी बांधता तसे बांधूनच बघा, कारण अंबाडा आणि सॅकचं झाकण यांचं पटत नाही.

पट्टे ओढण्याचा क्रम चुकला तर चांगली सॅकही वाईट वाटते. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या, थोडं पुढे वाका, सॅक किंचित वर उचलून कमरेचा पट्टा हाडावर बसवा आणि बक्कल लावून घट्ट करा. आता सरळ उभं राहा. खांद्यांचे पट्टे खाली आणि मागे ओढा, खांद्याला लागतील इतकेच. त्यानंतर खांद्याच्या वर जे छोटे पट्टे सॅकच्या डोक्याकडे जातात, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते हलके ओढा. बाजूने पाहिलं तर ते साधारण ४५ अंशांत तिरके दिसले पाहिजेत. छातीचा पट्टा सगळ्यांत शेवटी, गळ्याच्या हाडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली. तो फार आवळायचा नाही, खांद्यांचे पट्टे बाहेर सरकू नयेत एवढंच त्याचं काम. पुष्कळ सॅकच्या या बकलातच शिट्टी असते, संकटात ती कामी येते.

आता दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. खांद्याचा पट्टा खांद्यावरून वळून पाठीला चिकटून खाली जातोय का? खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये पोकळी दिसत असेल तर पाठीचं माप मोठं झालंय. पट्टा पाठीवर फारच खालून सुरू होत असेल आणि कमरेचा पट्टा पोटावर चढत असेल तर माप लहान आहे. सॅक निवडताना हाच क्षण सगळ्यांत महत्त्वाचा. रंग, खिसे, चेन यांचा विचार याच्यानंतर.

‘असू दे, मोठीच बरी’

मोठी सॅक घेतली की ती भरतेच. एका दिवसासाठी २० ते ३० लिटर, एक-दोन मुक्कामांसाठी ३५ ते ५०, तंबू आणि जेवणाचं सामान स्वतः वाहायचं असेल तर ५० ते ६५ पुरतात. भरलेली सॅक अंगच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नसावी हा ट्रेकर्सचा जुना ठोकताळा आहे. ५० किलोच्या मुलीसाठी म्हणजे १० किलो. यात सॅकचं स्वतःचं वजनही धरायचं. गादीदार, खिशांनी भरलेली सॅक रिकामीच दोन किलोंच्या वर जाते, आणि मग सामानासाठी आठच उरतात. पण म्हणून अगदी हलकी, बिनफ्रेमची सॅक घेऊन तिच्यात १२ किलो कोंबू नका. फ्रेम नसली की वजन कमरेपर्यंत पोचतच नाही.

ट्रेकची सॅक प्रवासाला आणि प्रवासाची ट्रेकला

वरून उघडणारी सॅक डोंगरात उत्तम, कारण ती मजबूत असते आणि चेन तुटायची भीती कमी. हॉटेलच्या खोलीत मात्र तळाचा मोजा काढायला ती अख्खी उपसावी लागते. प्रवासाच्या सॅक सूटकेससारख्या पुढून पूर्ण उघडतात, चेनला कुलूप लागतं, आणि विमानात देताना पट्टे झाकून टाकायची सोय असते. त्यांच्यातल्या काहींचा कमरेचा पट्टा नावापुरता असतो, दोन बोटं रुंदीची नुसती फीत. तो वजन धरत नाही. दोन्हींसाठी एकच सॅक हवी असेल तर ४० लिटरच्या आसपासची, पुढून उघडणारी आणि गादी असलेल्या कमरपट्ट्याची बघा. विमानात जवळ ठेवायची असेल तर एअरलाइनची लांबी-रुंदी-उंचीची मर्यादा तपासा. तिथे लिटर कुणी मोजत नाही, आणि हँडबॅगेचं वजन अनेक ठिकाणी सात किलोंपर्यंतच चालतं.

ताणलेल्या जाळीच्या पाठीबद्दल एक गोष्ट. ती घाम कमी आणते, उकाड्यात बरं वाटतं. पण तिच्यामुळे सामान पाठीपासून काही सेंटिमीटर लांब जातं आणि वजन मागे ओढतं. हलक्या सामानासाठी छान, जड सामानासाठी मला पाठीला चिकटणारी सॅक जास्त पटते. रेन कव्हरचंही तसंच: ते पाठीकडची बाजू झाकत नाही, पाणी तिथून आत झिरपतं. कपडे आणि स्लीपिंग बॅग आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

सॅक घेतलीये, आणि दुखतंय

खांद्याच्या वरच्या भागात दुखत असेल तर कमरेचा पट्टा घसरलाय. थांबा, खांद्यांचे पट्टे सैल करा, कमरेचा पुन्हा हाडावर बसवा, मग खांद्यांचे ओढा. लांबच्या चालीत हे अधूनमधून करावंच लागतं, पट्टे आपोआप सरकतात.

सॅक मागे ओढत असेल तर आधी आत काय कुठे आहे ते बघा. पाणी, अन्न, स्टोव्ह अशा जड वस्तू पाठीच्या मध्यावर, पाठीला चिकटून हव्यात. स्लीपिंग बॅग तळाला, जॅकेट बाहेरच्या बाजूला. त्यानंतर लोड लिफ्टर ओढा. सॅक डोलत असेल तर तिच्या बाजूंना सामान दाबून धरणारे जे पट्टे असतात ते आवळा.

कमरेच्या हाडावर लाल वळ उठत असतील तर पट्ट्याखाली काय आलंय ते तपासा: पँटच्या नाडीची गाठ, जीन्सची जाड शिवण, खिशातला मोबाइल. खांद्यावर ब्राच्या पट्टीची कडी किंवा शिवण सॅकच्या पट्ट्याखाली येत असेल तर रुंद, कडी नसलेल्या पट्टीची स्पोर्ट्स ब्रा घाला. मान घासत असेल तर छातीचा पट्टा थोडा सैल करून खाली सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर पट्टे तुमच्या खांद्यांच्या मानाने फार जवळजवळ आहेत.

हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं याकडे मात्र थकवा म्हणून बघू नका. मानेपासून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंवर पट्ट्याचा दाब पडतोय. लगेच सॅक उतरवा, वजन कमी करा, कमरेवर भार घ्या. सॅक उतरवूनही बधिरपणा राहिला किंवा हात उचलायला अशक्तपणा जाणवला तर डॉक्टरांना दाखवा.

यातले बरेचसे त्रास पट्टे आणि सामान नीट लावून सुटतात. छातीचा पट्टा वर-खाली होतो, कमरेचा काही वेळा बदलता येतो. पण पाठीची लांबी पक्की शिवलेली असेल आणि तीच चुकली असेल, तर कितीही पट्टे ओढून ती सॅक तुम्हाला बसणार नाही. ती ज्या मैत्रिणीच्या पाठीला बसते तिला द्या, आणि पुढची घेताना आधी टेप काढा.