उड्डाणाआधी विमान आणि विमानतळ वाचताना: शिकाऊ वैमानिकांसाठी उपकरणांचे नियम आणि धावपट्टीच्या खुणा

उड्डाण शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना आवश्यक उपकरणांची यादी तोंडपाठ असते, कारण ती लेखी परीक्षेत लागते आणि तोंडी परीक्षेतही हमखास विचारली जाते. मात्र सकाळी विमानाची पाहणी करताना एखादा दिवा लागला नाही किंवा एखादा काटा जागचा हलला नाही, तर हे विमान न्यायचे की नाही याचे उत्तर पाठ केलेल्या यादीतून मिळतेच असे नाही. कोणता कागद आधी पाहायचा आणि कोणता नंतर, हा क्रम ज्याला ठाऊक आहे त्याला ते मिळते. विमानतळाच्या खुणांबाबतही हाच अनुभव येतो. पुस्तकातील चित्रात रंग ओळखता आले तरी, इंजिन चालू असताना, कानात नियंत्रण टॉवरचा आवाज असताना, आपण पिवळ्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे चटकन समजण्यासाठी निराळा सराव लागतो. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी अमेरिकेत उड्डाणाचे तास पूर्ण करून परत येतात आणि मग डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना घेतात. त्यामुळे दोन्हीकडचे नियम एकत्र पाहणे सोयीचे ठरते.

उपकरणे: किमान काय हवे

भारतात या विषयाचा पाया म्हणजे १९३७ चे विमान नियम आणि त्यांच्या आधारे डीजीसीएने काढलेल्या नागरी विमान वाहतूक आवश्यकता, ज्यांना सगळे ‘सीएआर’ म्हणतात. १९३४ चा मूळ कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. जुन्या छापील नोट्स वापरणाऱ्यांनी निदान हे नाव दुरुस्त करून घ्यावे. सीएआरमधील उपकरणांच्या तरतुदी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, परिशिष्ट ६ ला धरून आहेत. दृश्य नियमांनुसार, म्हणजे व्हीएफआर, उड्डाणासाठी त्या परिशिष्टात चुंबकीय होकायंत्र, तास-मिनिटे-सेकंद दाखवणारे अचूक घड्याळ, दाबावर चालणारा संवेदनशील अल्टिमीटर आणि एअरस्पीड इंडिकेटर एवढी उपकरणे मूलभूत मानली आहेत. त्यांच्या जोडीला अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, प्रत्येक आसनाला पट्टा, आवश्यक नकाशे आणि वैमानिकाला हवेत बदलता येतील असे फ्यूज असतील तर त्यांचे सुटे संच, हेही विमानात असावे लागते. याला तळपातळी समजावे. आपल्या विमानाच्या मान्य फ्लाइट मॅन्युअलमध्ये याहून अधिक काही सांगितले असेल, तर तेही तितकेच बंधनकारक असते.

अमेरिकेत हीच गोष्ट संघीय नियमावलीच्या कलम ९१.२०५ मध्ये एका जागी आहे. तेथील विद्यार्थ्यांना ही यादी आद्याक्षरांच्या एका लांबलचक शब्दात पाठ करायला लावतात. त्यापेक्षा ती चार प्रश्नांत विभागून पाहिली तर अधिक काळ लक्षात राहते, असे मला वाटते. विमान कुठे, किती उंचीवर आणि किती वेगाने चालले आहे, या पहिल्या प्रश्नासाठी एअरस्पीड इंडिकेटर, अल्टिमीटर आणि चुंबकीय दिशादर्शक हवेत. इंजिनाची प्रकृती कशी आहे, या दुसऱ्यासाठी फेरेमापक, तेलाचा दाब आणि तापमान दाखवणारे मापक हवेत, आणि इंजिनाच्या प्रकारानुसार मॅनिफोल्ड दाबाचा मापकही. इंधन किती आहे, या तिसऱ्यासाठी प्रत्येक टाकीला स्वतंत्र मापक हवा, आणि चाके आत जाणारी असतील तर त्यांची स्थिती दाखवणारा निर्देशकही याच वेळी आठवावा. बसलेल्या माणसांचे काय, या चौथ्यासाठी आसनपट्टे, १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या लहान विमानांत पुढच्या आसनांना खांद्याचे पट्टे, आणि अपघातस्थळ कळवणारा आपत्कालीन ट्रान्समीटर, म्हणजे ईएलटी. ११ मार्च १९९६ नंतर प्रमाणित झालेल्या लहान विमानांना दिवसाही टक्करविरोधी दिवा लागतो. रात्रीच्या उड्डाणासाठी यात स्थितिदर्शक दिवे, टक्करविरोधी दिवे, पुरेसा वीजस्रोत आणि सुटे फ्यूज यांची भर पडते. उतरण्याचा दिवा मात्र विमान भाड्याने प्रवासी नेत असेल, तरच कायद्याने सक्तीचा आहे.

काही बिघडलेले आढळले तर

यादी पाठ असूनही विद्यार्थी अडखळतो तो येथे. समजा, पाहणीच्या वेळी सेसना १७२ या लहान प्रशिक्षण विमानाच्या डाव्या टाकीचा मापक शून्यावरच आहे आणि टाकीत पट्टी घालून पाहिले तर ती काठोकाठ भरलेली आहे. इंधन डोळ्यांनी दिसत असताना उड्डाण का थांबवायचे, असे कोणालाही वाटेल. अमेरिकन पद्धतीत अशा वेळी कलम ९१.२१३ उघडायचे असते. विमानाला मान्य किमान उपकरण यादी, म्हणजे एमईएल, दिलेली असेल तर निर्णय तिच्यातूनच होतो. ती नसेल, तर लहान विमानासाठी चार गोष्टी क्रमाने तपासायच्या: हे उपकरण विमानाच्या मूळ प्रमाणनातील, दिवसा करायच्या व्हीएफआर उड्डाणाच्या आवश्यकतांमध्ये आहे का, विमानाच्या स्वतःच्या उपकरण यादीत, किंवा कोणत्या प्रकारच्या उड्डाणाला काय लागते त्या तक्त्यात, ते आवश्यक म्हणून नोंदले आहे का, ९१.२०५ किंवा अन्य एखादे कलम ते मागते का, आणि एखाद्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने, म्हणजे नियामकाच्या सुरक्षाविषयक सक्तीच्या आदेशाने, ते चालू असणे बंधनकारक केले आहे का. यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तरी विमान जागेवरच राहते.

इंधनमापकाच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच ‘होय’ आहे, कारण नियम प्रत्येक टाकीसाठी मापक मागतो. यामागचे कारणही समजून घ्यावे. पट्टीने कळते ते निघतानाचे इंधन. झाकण नीट न बसल्यामुळे हवेत इंधन बाहेर ओढले जाऊ लागले, तर ते पट्टीला कळणार नाही. याउलट दिवसाच्या सरावाला निघताना उतरण्याचा दिवा बंद आढळला आणि चारही उत्तरे ‘नाही’ आली, तर उड्डाण शक्य आहे. पण त्याआधी तो दिवा काढून टाकणे किंवा निष्क्रिय करून त्याजवळ ‘निकामी’ अशी पट्टी लावणे आणि त्यात देखभालीचे काम झाले असेल तर त्याची नोंद करणे आवश्यक असते. शिवाय त्या दिव्याविना उड्डाण धोक्याचे नाही, हा निर्णय वैमानिकाने किंवा अधिकृत तंत्रज्ञाने घ्यावा लागतो. पट्टी लावायची राहून गेली, तर पुढच्या विद्यार्थ्याला तो दिवा आपल्याच हातून बिघडला असे वाटते आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

भारतातील प्रशिक्षण संस्थांमध्ये शिकाऊ वैमानिकाने असा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेण्याचा प्रश्नच येत नाही. दोष तांत्रिक नोंदवहीत लिहायचा, प्रशिक्षकाला सांगायचे, आणि परवानाधारक देखभाल अभियंता, ज्याला सगळे एएमई म्हणतात, त्याने तपासून सही केल्यावरच विमान पुन्हा वापरात घ्यायचे. तरीही वरचा क्रम येथील विद्यार्थ्यानेही शिकावा असा माझा आग्रह आहे, कारण सही दुसऱ्याची असली तरी विमानात आपण बसणार असतो.

ईएलटीविषयी थोडे. उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झवरील संकेत ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले, आणि आता उपग्रहांना ऐकू येतात ते ४०६ मेगाहर्ट्झचे संकेत. अमेरिकेत जुन्या धाटणीचे ट्रान्समीटर असलेली प्रशिक्षण विमाने अजून आढळतात. आपल्या विमानात कोणता आहे आणि त्याच्या बॅटरीची मुदत कधी संपते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

धावपट्टीचा क्रमांक आणि होकायंत्र

धावपट्टीच्या टोकावरील आकडा म्हणजे तिची चुंबकीय दिशा, जवळच्या दहा अंशांपर्यंत आणून शेवटचे शून्य सोडलेली. पुण्याची धावपट्टी १०/२८ आहे, म्हणजे एका बाजूने साधारण १०० अंश आणि उलट बाजूने २८०. नागपूरची १४/३२ आहे. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकीवर हालचाल असताना दुसरीचाही विचार करावा लागतो. दोन्ही टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो, हे लक्षात ठेवले तर परीक्षेतील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

समोरची धावपट्टी आपलीच आहे का हे ताडून पाहण्याची सवय जडवून घेतली नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे मी आवर्जून सांगतो. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे विमान सांताक्रूझ या मुंबईच्या मुख्य विमानतळाऐवजी जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरले आणि धावपट्टी संपून पुढे गेले. दोन्ही विमानतळ अगदी शेजारी आहेत आणि जुहूची ०८/२६ ही धावपट्टी सांताक्रूझच्या ०९/२७ शी जवळपास समांतर आहे. तेथे होकायंत्र फारसे काही सांगत नाही, लांबी आणि आसपासच्या खुणा पाहाव्या लागतात. (याच जुहूवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते.) दुसरे उदाहरण अमेरिकेतील लेक्सिंग्टनचे. २७ ऑगस्ट २००६ च्या पहाटे कॉमएअरच्या विमानाला २२ क्रमांकाची धावपट्टी दिली होती, पण ते २६ वर उभे राहिले. २२ ची लांबी ७००३ फूट होती, २६ ची अवघी ३५००. विमानातील ५० पैकी ४९ जण दगावले. येथे समोरच्या दिशादर्शकात ४० अंशांचा फरक दिसत होता. धावपट्टीवर सरळ होताच क्रमांक मोठ्याने म्हणावा, दिशादर्शक पाहावा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा, पुढे करू नये.

पिवळी रेषा

धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या आणि टॅक्सीवेवरच्या, म्हणजे विमान धावपट्टीपर्यंत नेण्या-आणण्याच्या रस्त्यावरच्या, पिवळ्या, हा पहिला भेद. धावपट्टीच्या सुरुवातीला असलेल्या पट्ट्यांची संख्या तिची रुंदी सांगते: ३० मीटरला ८, ४५ मीटरला १२. पांढऱ्या बाणांपुढे आडवी पांढरी रेषा असेल, तर उंबरठा, म्हणजे उतरण्याच्या भागाची सुरुवात, पुढे सरकवलेला आहे असे समजावे. बाणांच्या भागावरून उड्डाणाची धाव सुरू करता येते, पण तेथे उतरता येत नाही. पिवळे शेव्हरॉन, म्हणजे ‘व्ही’ आकाराचे पट्टे, असतील तर तो भाग नेहमीच्या वापरासाठी नाही. बंद धावपट्टीवरील फुली आयकाओच्या नियमाप्रमाणे पांढरी असते आणि बंद टॅक्सीवेवरील पिवळी. अमेरिकेत मात्र धावपट्टीवरची फुलीही पिवळीच असते.

विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो थांबरेषेला. टॅक्सीवेवर आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत, कारण पलीकडे धावपट्टी आहे. धावपट्टीवरून बाहेर येताना आधी तुटक रेषा लागतात. तेव्हा न थांबता पलीकडे जायचे आणि शेपटीसकट संपूर्ण विमान रेषेबाहेर आल्यावरच धावपट्टी मोकळी केल्याचे कळवायचे. विमानाच्या नाकामुळे शेवटच्या काही मीटरांत ही रेषा दिसेनाशी होते, म्हणून ती दिसत असतानाच वेग उतरवून थांबावे. रेषेच्या बाजूला लाल फलकावर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचे क्रमांक असतात. लाल फलक म्हणजे नेहमीच सक्ती. काळ्यावर पिवळे अक्षर आपण कोणत्या टॅक्सीवेवर आहोत ते सांगते आणि पिवळ्यावर काळे अक्षर पुढे कोणता रस्ता कुठे जातो ते. शिडीसारखी दिसणारी पिवळी खूण आढळली, तर ती इन्स्ट्रुमेंट लँडिंगच्या संकेतांना अडथळा होऊ नये म्हणून धावपट्टीपासून अधिक अंतरावर ठेवलेली दुसरी थांबरेषा असते.

दिव्यांचे सूत्र सोपे आहे. धावपट्टीच्या कडेला पांढरे, सुरुवातीला हिरवे, शेवटी लाल, टॅक्सीवेच्या कडेला निळे आणि मध्यरेषेला हिरवे. पापी, म्हणजे उतरण्याचा योग्य उतार दाखवणारे धावपट्टीशेजारचे दिवे. त्यातील चार दिवे दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, तर आपण योग्य उतारावर आहोत. तीन लाल दिसले तर किंचित खाली आणि चारही लाल म्हणजे फारच खाली.

टॅक्सीसाठी, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेण्यासाठी, निघण्यापूर्वी एआयपी या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिकेतील विमानतळाचा नकाशा मांडीवर उघडा असावा आणि नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, पाहिलेले असावेत. टॉवरने सांगितलेला मार्ग, धावपट्टीचा क्रमांक आणि ‘होल्ड शॉर्ट’ ही धावपट्टीआधी थांबण्याची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. नुसते ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकले’, चालत नाही. वाटेत आपण कोठे आहोत याची खात्री राहिली नाही, तर जागेवर थांबून टॉवरला तसे स्पष्ट सांगावे, मात्र धावपट्टीवर असल्यास आधी ती मोकळी करावी. रेडिओ बंद पडला तर टॉवरच्या दिव्याकडे पाहावे. जमिनीवर असताना स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे वापरातील उतरण्याच्या क्षेत्रापासून दूर व्हा, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तेथे परत जा, आणि स्थिर हिरवा मिळाला तरच उड्डाण घ्या.