सीओपीडीच्या उपचारांची तुलना: जुने केसपेपर वाचण्याआधी शून्य दिवस ठरवा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या रुग्णालयातील जुने केसपेपर चाळून पंपाने (श्वासावाटे औषध घ्यायच्या इनहेलरने) सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचे, रुग्ण अधिक जगतात का, हे तपासायचे असेल, तर प्रत्येक रुग्णाची मोजणी कोणत्या तारखेपासून सुरू होते, हे सर्वांत आधी ठरवावे. या तारखेला शून्य दिवस म्हणू. माझ्या मते पद्धती-पद्धतींमधला मोठा फरक येथेच पडतो, सांख्यिकी सूत्रांत नव्हे.

कॅनडातील ओंटारिओच्या 2001 मधील अभ्यासात, घरी सोडल्यापासून 90 दिवसांत श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड मिळालेले रुग्ण पहिल्या दिवसापासूनच ‘उपचार घेणारे’ धरले गेले आणि त्यांच्यात मृत्यू बरेच कमी दिसले. साथरोगशास्त्रज्ञ सामी सुइसा यांनी 2003 मध्ये यातील चूक दाखवली. समजा, 1 डिसेंबरला घरी गेलेल्या रुग्णाला 20 जानेवारीला पंप मिळाला. मधले 50 दिवस तो जगला म्हणूनच त्याला पंप मिळू शकला, आणि पंधराव्या दिवशी दगावलेला रुग्ण मात्र आपोआप ‘उपचार नाही’ या रकान्यात गेला. पुढे 2007 च्या ‘टॉर्च’ चाचणीत सुमारे 6,100 सीओपीडीच्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने गट वाटून तीन वर्षे पाहिले, तेव्हा केवळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत 16.0 टक्के, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत 15.2 टक्के मृत्यू झाले. म्हणून पंप मिळण्यापूर्वीचे दिवस ‘उपचाराविना’ या खात्यात टाकावेत. त्याहून चांगले म्हणजे दोन वेगळी औषधे नव्याने सुरू झालेल्या रुग्णांची तुलना डॉक्टरांनी ते औषध पहिल्यांदा लिहून दिल्याच्या तारखेपासून करावी.

नव्या औषधांची अशी तुलना केली, तरी ज्याला जास्त धाप लागते त्यालाच डॉक्टर जोरकस औषध देतात, ही अडचण उरते. प्रोपेन्सिटी स्कोअरने (नोंदींवरून रुग्णाला ते औषध मिळण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्याने) गट सारखे करता येतात, पण केसपेपरवर जे लिहिलेले आहे तेवढ्यापुरतेच. आपल्याकडे चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईच्या कागदावर ‘धूम्रपान नाही’ एवढीच नोंद असते आणि जिनिंगमधली कापसाची धूळ कोणी विचारतही नाही. त्यामुळे या दोन्ही गोष्टी रुग्णाला किंवा घरच्यांना विचारून भराव्यात. शिवाय लोक धाप लागणाऱ्या प्रत्येक आजाराला ‘दमा’च म्हणतात, म्हणून श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरच्या स्पायरोमेट्रीत (फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीत) एफईव्ही-1 (जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (त्या फुंकरीतली एकूण हवा) यांचे गुणोत्तर 0.70 पेक्षा कमी असलेलेच रुग्ण घ्यावेत.

त्याच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे सहा महिने ताडून पाहणे सोपे वाटते, परंतु औषध बहुधा आजार सर्वाधिक बळावला असतानाच सुरू होते आणि पुढे थोडा उतार तसाही पडतो. न्यूमोनियासारख्या क्वचित घडणाऱ्या परिणामासाठी रुग्ण-नियंत्रण पद्धत (परिणाम झालेले आणि न झालेले रुग्ण निवडून त्यांनी आधी कोणते औषध घेतले ते पाहणे) कमी श्रमात चालते, मात्र औषधाची नोंद न्यूमोनिया होण्यापूर्वीची हवी.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे गेलेला नंदुरबारचा रुग्ण ओपीडीत दिसला नाही, तर त्याला बरा किंवा मृत न धरता त्याची मोजणी शेवटच्या भेटीच्या तारखेला थांबवावी, आणि कोणत्या औषधाच्या गटातून असे किती रुग्ण गळाले, हे निकालाच्या शेजारीच लिहावे.