रेटिनाचे थर: या चुका टाळा

मुलांनी काढलेली रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची, डायग्राम तपासायला घेतली की लगेच कळतं, दहा थरांची नावं तोंडपाठ आहेत पण प्रकाश कुठून येतो हे बघितलेलंच नाही. रॉड आणि कोन या पेशी प्रकाश पकडतात म्हणजे ते पुढेच असणार असं धरून बाण उलटा काढतात. अरे, प्रकाश आधी गँगलिऑन पेशी (मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या), मग बायपोलर पेशी (मधल्या, जोडणाऱ्या) असं सगळं ओलांडून शेवटी रॉड-कोनपर्यंत पोचतो आणि सिग्नल तिथून उलटा पुढे येतो. रॉड-कोनना मागचा पिग्मेंट एपिथेलियम, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा थर, चिकटून लागतो, त्यांच्या टोकाच्या जुन्या चकत्या तोच गिळतो, आणि त्यांचं पोषण मागच्या कोरॉइडमधून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या थरातून, होतं. मी कुठलीही आकृती काढताना आधी कोपऱ्यात प्रकाशाचा बाण काढते, मगच पहिली रेघ.

दुसरी चूक मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडवरची. एकदा प्रॅक्टिकलला एका हुशार मुलीने वरून मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि केंद्रकांच्या सगळ्यात दाट पट्ट्याला गँगलिऑन थर म्हणून मोकळी झाली, कारण स्लाइड उलटी लागली होती आणि तिने पाठ केलेला क्रम वरून खाली होता. मार्क गेले, मला खूप वाईट वाटलं, कारण अभ्यास तिने खरंच केला होता. म्हणून सांगते, आधी पिग्मेंटची तपकिरी रेघ शोधा. तिच्या जवळचा केंद्रकांचा जाड पट्टा रॉड-कोनचा, मधला बायपोलरचा, आणि लांबचा, मोठ्या विरळ पेशींचा, तो गँगलिऑनचा. आद्याक्षरांची वाक्यं बनवून पाठ करायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, स्लाइड फिरली की तो संपला. घाई करू नका, दोन मिनिटं नुसतं बघा.

न्यूक्लिअर थरात केंद्रकं, प्लेक्सिफॉर्ममध्ये जोडण्या, हे उलटं लिहू नका.

बाहेरची लिमिटिंग मेम्ब्रेन हा पडदा नाही, म्युलर पेशी (रेटिनाला आधार देणाऱ्या) आणि रॉड-कोन यांच्या सांध्यांची ती रेघ आहे.

फोव्हियाच्या, म्हणजे सगळ्यात स्पष्ट दिसणाऱ्या जागेच्या खळग्याच्या, मधोमध दहाही थर काढू नका, तिथे आतले थर बाजूला सरकलेले असतात आणि रॉड नसतातच.

आणि पडदा सरकला म्हणतात ना, तेव्हा अख्खा रेटिना कोरॉइडपासून सुटत नाही. गर्भात डोळ्याचा कप दुहेरी भिंतीचा असतो, त्या दोन भिंती पुढे नुसत्या टेकून राहतात, म्हणून फट तिथेच पडते. पिग्मेंट एपिथेलियम मागे चिकटून राहतो, बाकीचे नऊ थर पुढे येतात, आणि रॉड-कोनचं पोषण तुटतं.