उसवलेली लोकर कुरळी राहते, टाके एकसारखे येत नाहीत: हा उपाय चालला

स्वेटरची पाठ उसवून तीच लोकर पुन्हा सुयांवर घेतली, तर एक टाका फुगलेला, शेजारचा आवळलेला. गुंडा घट्ट गुंडाळून ठेवला, सुई एक नंबर बारीक घेतली, फरक शून्य. अगदी रडकुंडीला आले होते.

चाललं ते असं. उसवतानाच धागा खुर्चीच्या पाठीला सैलसर गुंडाळून लडी करायची. काढण्याआधी ती चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधायची, पण आवळून नाही. दोरा लडीच्या मधून आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, नाहीतर पाण्यात गुंता ठरलेला. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून लडी अर्धा तास नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, लोकर आटते. मग तेवढ्याच कोमट पाण्यातून काढून, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत टांगायची. पुण्याच्या पावसाळ्यात सरळ पंख्याखाली. पूर्ण वाळल्यावर गुंडासुद्धा सैलच.

तुळशीबागेतून आणलेल्या लोकरीचं लेबल जपून ठेवा. अ‍ॅक्रिलिक असेल तर नुसतं भिजवून भागत नाही. टांगलेल्या लडीला इस्त्रीची वाफ वीतभर अंतरावरून द्यायची. इस्त्री टेकली की धागा कायमचा चपटा.