आयपॅड की सॅमसंग? टॅबची तुलना करताना या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी तोच मेसेज येतो, दादा कुठला टॅब घेऊ, आणि सोबत दोन स्क्रीनशॉट. दोन्हीवर नुसती किंमत. अरे, अशी तुलना होत नसते.

२०२५ चा साधा आयपॅड, ए१६ चिपवाला, १२८ जीबी वायफाय, आपल्याकडे ३४,९०० ला आला. त्याच वर्षीचा गॅलॅक्सी टॅब एस१० एफई, तोही १२८ जीबी वायफाय, ४२,९९९ ला. पोरं लगेच म्हणतात आठ हजार वाचले! पण नोट्स काढायला घेतोयस ना, मग पेन कुठंय? सॅमसंगच्या बॉक्समध्येच एस पेन येतो, ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल वेगळी घ्यायची, ७,९०० ला. कर बेरीज, ४२,८००. वर त्या पेन्सिलीला प्रेशर कळत नाही, जोरात दाबा नाहीतर हळू, रेघ तेवढीच जाड. नोट्सना चालून जातं, चित्रं काढणाऱ्याचा मात्र जीव जातो. एस पेनला प्रेशरही कळतं आणि तो चार्ज करायची भानगडही नाही. पण आयपॅडची चिप बरीच फास्ट आहे, व्हिडिओ एडिटिंग करणार असशील तर मी डोळे झाकून आयपॅडच सांगेन.

दुसरी चूक, जिचा मला खरंच वैताग आलाय, ती म्हणजे 'पेन चालतो' या दोन शब्दांवर विश्वास ठेवणं. आमच्या शेजारची मुलगी, इंजिनिअरिंगला, घाईघाईत सेलमधून स्वस्तातला टॅब आणि दोनशे रुपयांचा रबरी टोकाचा स्टायलस घेऊन आली. इंटिग्रेशनचं गणित लिहायला बसली आणि तळहात टेकला की पान सरकायचं, मध्येच झूम व्हायचं, लिहिलेल्यावर आडव्या रेघा उमटायच्या. शेवटी ती मनगट हवेत धरून लिहायची, अर्ध्या तासात हात भरून यायचा. तिला वाटलं ॲप खराब आहे, म्हणून चार ॲप बदलून झाले. ॲपचा दोषच नव्हता. रबरी टोक स्क्रीनला बोटासारखंच वाटतं, त्यामुळे पेन कुठला न हात कुठला ते टॅबला कळणार कसं? त्या टॅबला ॲक्टिव्ह पेन, म्हणजे टॅब बोटापेक्षा वेगळा ओळखतो तो पेन, चालतच नव्हता, म्हणजे नंतर चांगला पेन आणूनही उपयोग शून्य.

म्हणून मी दुकानात गेलो की नोट्सचं ॲप उघडतो, अख्खा तळहात स्क्रीनवर टेकवतो आणि अगदी हळू तिरक्या रेघा ओढतो. भरभर ओढलेली रेघ सगळीकडे सरळच दिसते, हळू ओढली की रेघ थरथरते का ते कळतं. सेल्समन घाई करतो, करू दे.

बाकी पटापट सांगतो. व्हर्च्युअल रॅम मोजू नका, ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. वायफायवाल्या आयपॅडला जीपीएस नसतो, गाडीत मॅपसाठी घेणार असाल तर विचार करा. मेमरी कार्ड सॅमसंगच्या या टॅबमध्ये टाकता येतं, आयपॅडमध्ये नाही, त्यामुळे लेक्चर डाउनलोड करून ठेवणाऱ्यांनी स्टोरेज आधीच नीट ठरवा.

आणि घेतलेल्या अँड्रॉइड टॅबवर नेटफ्लिक्स धूसर दिसत असेल तर आधी वायफायला शिव्या देऊ नका. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडून वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणारी सुरक्षा, बघा, तिथे एल३ ही सगळ्यात खालची पातळी असेल तर एचडी दिसणारच नाही, नेट कितीही भारी असू दे. रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी परत करा.