पुठ्ठ्याचं हलतं खेळणं: माध्यमिक वर्गाला कॅम शिकवताना

हँडल फिरवलं की वर बसवलेला पक्षी खाली-वर होतो, अशी पुठ्ठ्याची खेळणी बारा ते पंधरा वर्षांची मुलं जोडीजोडीने सहज करू शकतात. एकाच वस्तूत चित्रकला, रचना आणि यंत्रविद्या तिन्ही येतात. अडचण एकच असते. मुलं आधी पात्र ठरवतात (बहुतेकदा ड्रॅगन) आणि मग त्याच्या पंखांपासून शेपटीपर्यंत सगळं हलवायला बघतात. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी हालचाल, मग पात्र. फळ्यावर तीनच हालचाली लिहा: सावकाश वर-खाली, गोल फिरणं, हळूहळू वर चढून एकदम पडणं. जोडीने त्यातली एक निवडायची आणि जगात अशी हालचाल कोण करतं ते शोधायचं. श्वास घेणारं पोट, वळून बघणारं घुबड, हातोडा मारणारा लोहार अशी पात्रं मग आपोआप सुचतात.

८० मिनिटांच्या पाच जोडतासिका धरा. पहिली हालचाल समजून घ्यायला, दुसरी खोक्याला, तिसरी कॅमला (म्हणजे दांड्याबरोबर फिरत वरच्या काडीला उचलणारी चकती), चौथी पात्राला. पाचवी पूर्णपणे दुरुस्तीसाठी राखून ठेवा. ती रंगकामात गेली तर निम्मी खेळणी हलणार नाहीत, आणि ती का हलत नाहीत हेही कुणाला कळणार नाही.

एका जोडीला लागणारं सामान असं: ४० × ६० सेंमीचा खोक्याचा पुठ्ठा (मधे नागमोडी थर असलेला, साधारण ३ मिमी जाडीचा), ३ मिमी जाडीच्या बांबूच्या दोन काड्या, दोन लोखंडी वॉशर, थोडं जाड कार्डशीट, पांढरा डिंक, सँडपेपरचा एक तुकडा. सामाईक सामानात कटर, स्टीलची पट्टी, दणकट कात्री, दाभण आणि कमी तापमानाच्या ग्लू गन. त्या साधारण १२० अंशांवर चालतात. जास्त तापमानाच्या गन १९० अंशांच्या आसपास जातात, वर्गात त्या नकोत. गन भिंतीलगत एकाच टेबलावर ठेवा आणि शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा, म्हणजे चटका बसला तर बोट लगेच पाण्यात जाईल.

खोका

समोर-मागे उघडी चौकट पुरते. वरचा आणि खालचा तुकडा २० × १० सेंमी, बाजूचे दोन तुकडे १५ × १० सेंमी. बाजूच्या तुकड्यांत पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या येतील असं कापा. आडव्या आल्या तर बाजू दाबाने मुरडते. कटर एका दमात दाबून चालवायचा नाही. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसरीत मधला थर, तिसरीत खालचा कागद. जोर लावला की पातं पट्टीवरून घसरतं, आणि बहुतेक जखमा तिथेच होतात.

दांड्याची, म्हणजे हँडलने फिरणाऱ्या आडव्या काडीची, भोकं खोका चिकटवण्यापूर्वीच पाडा. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून चिमट्याने धरा आणि खालच्या कडेपासून ६ सेंमीवर, मधोमध, दाभण आरपार घाला. वेगवेगळी मोजून पाडलेली भोकं दोन-तीन मिलीमीटर इकडेतिकडे होतात. मग दांडा तिरका बसतो आणि कॅम फिरताना डुलतो. ६ सेंमी कुठून आले, हा प्रश्न मुलांनाच विचारा. उत्तर पुढच्या तासाला कॅमच्या मापातून निघतं.

चौकट चिकटवल्यावर ती काटकोनात राहत नाही, बोटाने ढकलली की कलते. चारही कोपऱ्यांत ४ सेंमी बाजूचे काटकोनी त्रिकोण बसवा. खोका हातात घेऊन दाबून बघा. कललाच, तर त्रिकोण नीट चिकटलेले नाहीत.

कॅम

६ सेंमी व्यासाच्या दोन चकत्या आखा. वर्तुळ थेट कटरने कापायचं नाही. आधी चौकोन, मग कोपरे उडवून अष्टकोन, मग कात्रीने गोल. दोन्ही चकत्यांच्या नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवून पांढऱ्या डिंकाने चिकटवा आणि वह्यांच्या वजनाखाली रात्रभर ठेवा. वजन नसेल तर ओला पुठ्ठा वाळताना वाकतो. म्हणून हे काम दुसऱ्या तासिकेच्या शेवटीच उरकून घ्या. कडेभोवती कार्डशीटची १ सेंमीची पट्टी गुंडाळली की कड गुळगुळीत होते.

भोक मध्यापासून १ सेंमी बाजूला पाडा. कॅमची सगळी जादू या एका सेंटीमीटरात आहे. दांड्यापासून कडेचं सर्वांत कमी अंतर ३ − १ = २ सेंमी, सर्वांत जास्त ३ + १ = ४ सेंमी. म्हणजे वरची काडी २ सेंमी उचलली जाते, भोक जितकं सरकवलं त्याच्या दुप्पट. हे सूत्र सांगू नका, मोजायला लावा. दांडा खालून ६ सेंमीवर का, हेही आता कळतं: कॅमची मोठी बाजू ४ सेंमी खाली येते, ती तळाला घासायला नको. हँडलची पट्टी ६ × २ सेंमी घ्या आणि दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर भोकं पाडा. ती दांड्यापासून ५ सेंमी खाली जाते, म्हणजे टेबलालाही लागत नाही.

कॅम दांड्यावर घसरणं ही या प्रकल्पातली सर्वांत नेहमीची तक्रार. बांबू गुळगुळीत असतो, त्यावर गरम डिंक धरत नाही, साल निघावी तसा सुटतो. काडीचा तेवढाच भाग सँडपेपरने घासून खरखरीत करा. मग कॅमच्या दोन्ही बाजूंना कार्डशीटचे २ सेंमीचे चौकोन काडीत ओवून कॅमला आणि काडीला चिकटवा. मात्र आधी चिकटपट्टीने तात्पुरतं पकडून जागा तपासा. एकदा डिंक लावला की माघार नाही. खोक्याच्या बाजूंना लागून आणखी दोन चौकोन बसवले की दांडा डावीउजवीकडे सरकत नाही.

वर-खाली होणारी काडी

कॅमवर टेकणारी चकती आणि तिला चिकटवलेली उभी काडी, यांना मिळून फॉलोअर म्हणतात. चकती ६ सेंमी व्यासाची, दोन थरांची, आणि दोन्ही वॉशर त्या थरांमध्ये दडवलेले. वजन लागतंच, कारण कॅम फक्त वर ढकलतो. खाली आणायचं काम गुरुत्वाकर्षणाचं. फॉलोअर वर जाऊन तिथेच राहिला तर पहिला संशय हलकेपणावर घ्या, दुसरा घर्षणावर.

काडीला सरळ ठेवणारी नळी स्ट्रॉची करावी असं वाटतं, पण बहुतेक स्ट्रॉ ३ मिमीच्या काडीसाठी फार रुंद असतात आणि वरचं पात्र झुलत राहतं. नळी कागदाचीच करा. काडीभोवती आधी बटर पेपरचे एक-दोन कोरडे वेढे द्या, त्यावर ५ सेंमी रुंदीची कागदाची पट्टी डिंक लावून सात-आठ वेढे गुंडाळा. वाळल्यावर काडी ओढून घ्या, मग आतला बटर पेपर काढून टाका. त्याने सोडलेली फट काडीला हलायला नेमकी पुरते. बटर पेपर वगळला तर नळी वाळताना आवळते आणि काडी तिथेच अडकून बसते. ही नळी वरच्या पुठ्ठ्यात बसवा: २ सेंमी आत, ३ सेंमी बाहेर.

कॅम काडीच्या बरोबर खाली असेल तर फक्त वर-खाली. तोच कॅम दीड सेंमी बाजूला सरकवला की तो चकतीची एक बाजू ओढतो आणि काडी चढता-चढता गोलही फिरते. वळून बघणारं घुबड इथे जमतं. पण बाजूने धक्का बसला की काडी नळीत तिरकी होऊन अडते. साधा हिशेब असा की नळीची लांबी या सरकवलेल्या अंतराच्या निदान दुप्पट हवी. चकती फिरतच नसेल तर कड फार गुळगुळीत आहे. कॅमभोवती रबरबँड चढवा.

एकदम पडणारी हालचाल

यासाठी कॅम गोगलगायीच्या कवचाच्या आकाराचा: त्रिज्या २ सेंमीपासून हळूहळू ४ सेंमीपर्यंत वाढते आणि तिथून सरळ खाली कापलेली. आखताना दर ३० अंशांवर एक रेघ मारा आणि प्रत्येक रेघेवर त्रिज्या सारखी वाढवत न्या. हे सगळं नीट करूनही बऱ्याच जोड्यांचा हातोडा आपटत नाही, हळूच उतरतो. दोष कॅमचा नसतो, चकतीचा असतो. चकती ६ सेंमीची असेल तर कॅमचं टोक शिखर ओलांडल्यावरही तिच्याखाली घासत राहतं आणि ती टोकाबरोबर सावकाश खाली येते. टोक चकतीच्या कडेबाहेर पडेपर्यंत कॅम जवळजवळ ४९ अंश फिरलेला असतो आणि २ सेंमीपैकी सुमारे १.३५ सेंमी उतरून झालेलं असतं. चकती २ सेंमीची करा, टोक १५ अंशांच्या आतच सुटतं आणि हातोडा धाडकन पडतो. हा कॅम उलटा फिरवला तर उभी कड चकतीला अडते, म्हणून खोक्यावर दिशेचा बाण रंगवायला लावा.

इथेच थोडा इतिहास सांगायला जागा आहे. घड्याळं बनवणारे स्विस कारागीर पिएर जाके-द्रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७७४ मध्ये लोकांसमोर आणलेला ‘लेखक’ नावाचा यांत्रिक बाहुला स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात आजही आहे. तो पिसाची लेखणी शाईत बुडवून अक्षरं लिहितो, आणि त्याचा हात चालवते ती पाठीतली कॅमचीच चळत. मोटारीच्या इंजिनात झडपा उघडतात त्याही कॅमनेच.

पात्र आणि आलेख

पात्र कार्डशीटचं, १० सेंमीपेक्षा उंच नको. शेंड्याला मातीचा गोळा लावला की काडी कलते. रंग काडीवर बसवण्यापूर्वी द्या, नाहीतर नळीत रंग उतरतो आणि सगळं चिकटतं.

पाचव्या तासाला, दुरुस्ती चालू असताना, प्रत्येक जोडीने हँडल ३० अंशांनी फिरवत दांड्यापासून चकतीची उंची मोजायची. ०, ६०, ९०, १२० आणि १८० अंशांना अनुक्रमे २, २.५, ३, ३.५, ४ सेंमी यायला हवेत. आलेखात गुळगुळीत लाट दिसते, मधे चढ तीव्र, टोकांना सपाट. गोगलगायीच्या कॅमचा आलेख तिरकी चढण आणि कडा असा येतो. लाटेत मधेच खाच दिसली तर तिथे कॅमची कड दबलेली आहे किंवा पट्टीचा जोड उचकटलाय.

गुण देताना चालणाऱ्या खेळण्याला निम्म्याहून जास्त देऊ नका. उरलेले वहीला: काय अडलं, का अडलं असं वाटलं, काय बदललं, मग काय झालं, या चार रकान्यांच्या नोंदींना. ज्या जोडीचं खेळणं पहिल्या फटक्यात चाललं, तिला कॅमचं भोक दीड सेंमीवर नेऊन नवा कॅम करायला द्या. उचल ३ सेंमी होते, कॅमची मोठी बाजू साडेचार सेंमीपर्यंत जाते, आणि खोक्यात त्याला जागा आहे का हे आता त्यांनी कापण्याआधी कागदावर सिद्ध करायचं.