केन्शिनच्या अहवालात ‘बॅरेट’ दिसलं तर

जपानला नवीन आलात की घर, बँक, कचऱ्याचे वार हे सगळं कोणीतरी समजावतंच. कंपनीच्या वार्षिक केन्शिनबद्दल, म्हणजे आरोग्य तपासणीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. पस्तिशीनंतर बऱ्याच ठिकाणी त्यात पोटाची तपासणीही येते, बेरियम पिऊन काढलेला एक्स-रे किंवा इकामेरा, म्हणजे आपली एंडोस्कोपी. मग अहवालात ‘बारेत्तो शोकुदो’, म्हणजे ‘बॅरेट अन्ननलिका’ दिसतं, नेटवर ‘कर्करोगाची पूर्वावस्था’ असं वाचायला मिळतं आणि रात्री उशिरा मला फोन येतो.

पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं मूळ अस्तर जातं आणि तिथे जठरासारखं अस्तर तयार होतं. तेच बॅरेट. त्यातून कर्करोग होऊ शकतो, पण बहुतेकांना होत नाही. डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: या बदललेल्या अस्तराचा पट्टा किती लांब आहे? अमेरिकेत किमान एक सेंटीमीटर लांबी आणि बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासल्यावर, आतड्यासारख्या पेशी असल्याशिवाय हे नाव देत नाहीत. इथे अस्तराखालच्या उभ्या बारीक रक्तवाहिन्या जिथे संपतात तिथे अन्ननलिका संपली असं मानण्याची पद्धत आहे. बायोप्सीची अटही नाही, त्यामुळे काही मिलिमीटरचा पट्टासुद्धा नोंदला जातो. 3 सेंमी किंवा त्याहून लांब पट्टा, ज्याची खरी काळजी, तो जपानमध्ये शंभरात एकालाही नसतो.

आम्लपित्ताचे रुग्ण मात्र इथे वाढलेत. पूर्वी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू घरोघरी होता. त्याने जठर सुकत जाई आणि आम्ल कमी पडे. आता तरुणांत हा जंतू कमी आहे, आणि 2013 पासून त्याच्या जठरदाहावरचे उपचारही विम्यात बसतात. शिवाय चरबीचं खाणं आणि सुटलेली पोटं आहेतच. पण म्हणून ‘जंतू राहू दे’ असं म्हणू नका, त्याने होणाऱ्या जठराच्या कर्करोगाचा धोका त्याहून मोठा. भारतात पायलोरी सर्रास असतो, तेव्हा आपल्यात तो सापडला तर नवल नाही. सात दिवसांचा तीन औषधांचा कोर्स असतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

खरं सांगायचं तर जपानमध्ये अन्ननलिकेचा कर्करोग बहुतांशी बॅरेटमधून येत नाहीच. दहातले साधारण नऊ दुसऱ्या जातीचे, स्क्वॅमस. ते दारू आणि सिगारेटमुळे होतात. नोमिकाईत, म्हणजे ऑफिसच्या दारूपार्टीत, एका बिअरवर लालबुंद होणारे सहकारी दिसतील. त्यांच्या शरीरात दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड नीट मोडत नाही, म्हणून त्यांना धोका जास्त. आपला चेहरा सहसा लाल होत नाही, पण तो काही पिण्याचा परवाना नव्हे.

शेवटच्या ट्रेनने येऊन भात-आमटीवर ताव मारून लगेच आडवं होणं सोडा. गिळताना अडकत असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तर पुढच्या केन्शिनची वाट पाहू नका. विम्यामुळे सहसा तीस टक्केच भरावे लागतात. घशातून नळी नको वाटत असेल तर नाकातून जाणारी बारीक नळीही बऱ्याच क्लिनिकांत मिळते. आणि नोकरी बदललीत तरी जुना अहवाल जपून ठेवा, पट्टा वाढला की नाही हे नवीन डॉक्टरांना त्यावरूनच ताडता येतं.